कोर्लई : किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी भाषा

अलिबागकडे फिरायला जाणाऱ्या दहा जणांना विचारा, कोर्लई पाहिलंत का? नऊ जण म्हणतील, "हो, किल्ला पाहिला ना!" मग समुद्रात घुसलेला तो लांबलचक डोंगर, खालचं दीपगृह, वरचा वारा, आणि मोबाईलमध्ये काढलेले चाळीस फोटो. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक गाव आहे, आणि त्या गावातल्या एका छोट्या वस्तीत जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही न बोलली जाणारी एक भाषा राहते, हे मात्र दहाव्यालाही ठाऊक असतंच असं नाही.

त्या भाषेबद्दल, आणि आपण मराठी माणसांनी तिच्याशी कसं वागावं याबद्दल, आज थोडं लिहायचं आहे. प्रवासवर्णन वाचायला आलेल्या मंडळींनी थोडी निराशा सहन करावी. आमचे चिरंजीव म्हणतात की आईच्या प्रत्येक प्रवासाचा शेवट भाषणात होतो. पस्तीस वर्षं वर्गात उभं राहून मराठी आणि इतिहास शिकवल्यावर दुसरं काय होणार?

आधी जागा सांगते. अलिबागहून दक्षिणेला निघालं की चौल लागतं, मग रेवदंडा. रेवदंड्याला रस्ता जुन्या पोर्तुगीज तटातूनच आत शिरतो. पुढे कुंडलिकेची खाडी, तिच्यावरचा पूल, पलीकडे साळाव. तिथून उजवीकडे वळून थोडं गेलं की कोर्लई. तालुका मुरूड, जिल्हा रायगड. हा पूल झाला १९८० च्या दशकात. त्याआधी रेवदंड्याच्या बाजाराला जायचं म्हणजे होडी. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बायका होडीत बसायच्या, आणि भरती-ओहोटी पाहून परत यायच्या. आमच्याशी बोलणाऱ्या एका आजीबाईंनी हे सगळं हाताने खाडीकडे दाखवत सांगितलं. त्या माझ्याशी बोलत होत्या ते स्वच्छ आगरी वळणाच्या मराठीत. मधेच आतल्या सुनेला काहीतरी सांगितलं, ते मात्र मला एक अक्षर कळलं नाही.

तीच ती भाषा. अभ्यासक तिला कोर्लई पोर्तुगीज किंवा क्रिस्ती म्हणतात. गावचे लोक म्हणतात 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा. (मराठी व्याकरण शिकवणाऱ्यांनो, हसू नका. हे लिंग म्हणजे पोर्तुगीज 'लिंग्वा', जीभ.) बोलणारे किती? हजाराच्या आसपास. आमच्या शाळेत यापेक्षा जास्त मुलं दोन पाळ्यांत मिळून असायची.

ही भाषा इथे आली कशी, याची गोष्ट मला कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीपेक्षा मोठी वाटते. चौल हे फार जुनं बंदर. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी लिखाणात ज्या 'सेमुल्ला' बंदराचा उल्लेख येतो ते चौलच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज इथे आले, आणि १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने त्यांनी वखार आणि कोट बांधायला घेतला. पुढे निजामशाहीने खाडीच्या दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर मोर्चेबांधणी केली. ती १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी जिंकून घेतली. त्या डोंगराला ते 'मोरो' म्हणत, म्हणजे टेकाड. तोच आपला कोर्लईचा किल्ला.

किल्ले कोणी जिंकले, कोणी गमावले, हे पाठ्यपुस्तकात असतं. कोटाच्या आत रोजचं आयुष्य कसं चालत होतं हे मात्र फारसं नसतं. पोर्तुगालहून शिपाई यायचे, पण त्यांच्याबरोबर बायका जवळजवळ येतच नसत. इथल्याच बायकांशी त्यांचे संसार झाले. इथली काही कुटुंबं ख्रिस्ती झाली, काही कोटात कामाला लागली. आता कल्पना करा, शिपायाला मराठी येत नाही, बाईला पोर्तुगीज येत नाही, पण स्वयंपाक, पाणी, ताप, पोर, पगार या गोष्टी तर रोज बोलायच्याच आहेत. मोठ्यांनी कामापुरतं काहीतरी जुळवून घेतलं. पण त्या घरात जन्मलेल्या मुलांना ते जुळवून घेतलेलं बोलणं हीच मातृभाषा मिळाली. मुलांनी त्यात नियम आणले, काळ आणले, लाड आणि शिव्या आणल्या. अशा रीतीने जन्मलेल्या भाषेला भाषाशास्त्रात क्रिओल म्हणतात.

मग १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी आणि शिपाई निघून गेले. ज्यांच्याकडे जायला दुसरा देश नव्हता, ती गरीब ख्रिस्ती कुटुंबं इथेच राहिली. किल्ल्याखाली शेतं, भाजीचे मळे, एक चर्च आणि घरात बोलायची ही भाषा, एवढी त्यांची पुंजी. तिथून पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं पोर्तुगीज राज्याचा आधार नसताना, लिपी नसताना, शाळा नसताना, एकही छापील पुस्तक नसताना ही भाषा आईकडून मुलाकडे जात राहिली. ज्या भाषेच्या मागे सत्ता आहे ती टिकली तर त्यात नवल कसलं? ही टिकली ते केवळ घराघरांतल्या बायकांच्या जिभेवर.

आता एक गंमत सांगते, विशेषतः मराठीच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. शब्द पाहिले तर ही भाषा पोर्तुगीजची लेक आहे. पण वाक्य पाहिलं तर ती आपल्याकडेच वाढलेली दिसते. पोर्तुगीज माणूस क्रियापद मधे ठेवतो, 'मी खातो भात' अशा चालीने. कोर्लईचा माणूस क्रियापद शेवटी नेतो, 'मी भात खातो' तसं. शब्द लिस्बनचे आणि मांडणी कोकणातली! मराठीतून क्रियापदं घेतली तर ती एका वेगळ्या शेवटाने चालवायची, अशी स्वतंत्र सोयही या भाषेने करून ठेवली आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या गावात राहून अभ्यास केला, आणि १९९६ मध्ये या भाषेवर इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं. मुंबईपासून तीन-चार तासांवरच्या गावासाठी अमेरिकेहून माणूस आला. आपण किल्ल्यावर फोटो काढून परत आलो.

कुणी म्हणेल, पण ही तर मोडकीतोडकी पोर्तुगीज. मी हे मत दोन-तीन सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे, एकदा तर गावातल्याच एका तरुणाकडून. "आमची भाषा काय बरोबर नाही हो, मोडकी आहे," असं तो म्हणाला. मला फार वाईट वाटलं. आपल्या आईच्या भाषेला मोडकी म्हणायला माणूस स्वतःहून शिकत नाही, ते त्याला बाहेरून कुणीतरी शिकवलेलं असतं. मोडकी कशाला म्हणायचं? लॅटिनच्या पंडिताला एकेकाळी पोर्तुगीज मोडकीच वाटली असणार. संस्कृतच्या पंडितांना आपली मराठी प्राकृतच वाटत होती, आणि त्यासाठी ज्ञानेश्वर-एकनाथांना काय ऐकावं लागलं हे आपण वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो.

आणि मिसळ म्हणाल तर आपल्या घरात ती काय कमी आहे? पगार, चावी, बादली, साबण, लिलाव, घमेलं, हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. काजू आणि अननस तर फळासकट नावंही घेऊन आले. ज्या हापूसवरून आपण जगाशी भांडतो त्याचं नावही एका पोर्तुगीज अफोन्सोचं आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फार्सी शब्द फार झाले म्हणूनच ना? तरीही मराठी मराठीच राहिली. आपल्यातली मिसळ समृद्धी, आणि किल्ल्याखालच्या माणसांची मिसळ मोडतोड, हा न्याय कुठला?

त्याच चौल बंदरात साडेपाचशे वर्षांपूर्वी एक परदेशी प्रवासी उतरला होता. रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन. सोबत विकायला एक घोडा, बाकी खिशात फारसं काही नाही. वास्को द गामाच्या कितीतरी आधी. त्याने लिहून ठेवलं आहे की तो जाईल तिथे लोकांचा घोळका त्याच्यामागे यायचा, गोरा माणूस पाहायला. मला हे फार आवडतं. आपण समजतो की प्रवासी पाहतो आणि गाव पाहून घेतं. इथे तो लोकांना पाहत होता, लोक त्याला पाहत होते, दोघंही चकित. पुढे जुन्नर, बीदर करत तो बरीच भटकंती करून परत निघाला, आणि घरी पोचायच्या आधीच वाटेत वारला. त्याची वही उरली. त्या वहीत रशियन भाषेच्या मधेच तुर्की, फार्सी, अरबी शब्द येतात, शेवटची प्रार्थनासुद्धा सरमिसळ भाषेत आहे. देशोदेशी वणवण केलेल्या माणसाची जीभ आपोआप मिसळते. तिला मोडकी म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही, रशियात तर ती वही वाङ्मयाचा ठेवा मानतात.

निकितिनसारखं चौकस असावं, पण ज्याला पाहतो त्यानेही आपल्याला निरखावं याची तयारी असावी. आजकाल कोर्लईला जाणाऱ्यांपैकी ज्यांना भाषेबद्दल थोडंफार वाचून माहीत असतं, ते काय करतात? दिसेल त्या माणसाला थांबवतात आणि म्हणतात, "जरा तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा ना!" आणि मोबाईल पुढे धरतात. विचार करा, दादरच्या भाजीबाजारात तुम्हाला कुणी असं थांबवलं तर? बाई, जरा मराठीत बोलून दाखवा. आपण काय बोलणार? भाषा ही दाखवायची वस्तू नाही, ती बोलायची गोष्ट आहे. दुसऱ्या माणसाशी, काही कामासाठी, काही प्रेमासाठी. म्हणून माझा साधा नियम आहे. लहान वस्तीत गेलं की आधी विकत घ्यावं, मग बसावं, मग स्वतःबद्दल सांगावं, आणि सगळ्यात शेवटी विचारावं. त्या आजीबाईंनी मला आधी माझी मुलं किती, सून कुठली, गुडघे दुखतात का, हे सगळं विचारून घेतलं. त्यांची चौकशी संपली तेव्हा कुठे माझी पाळी आली. आणि हे योग्यच होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मूळ मुद्दा थोडा टोचणारा आहे, पण नातेवाईकांनी समजून घ्यावं.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही निवृत्त शिक्षकांनी पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. त्यानंतर २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला. लहान मुलांवर तिसरी भाषा लादू नका, असं सगळा महाराष्ट्र म्हणाला, आणि जूनच्या शेवटी सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. माझं मतही तेच होतं. लहान मुलाला आधी त्याच्या घरच्या भाषेत शिकू द्यावं, हे शिक्षणशास्त्रातलं पहिलं वाक्य आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेत शिकवावं असं म्हटलं आहे.

हे सगळं आपण मराठीसाठी म्हणतो. मोठी भाषा लहान भाषेला गिळते, हे आपलं दुःख. इंग्रजी आपल्याला गिळते, हिंदी आपल्यावर बसते. पण कोर्लईत गेलं की चित्र उलटं होतं. तिथे मोठी भाषा आपण आहोत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी बोलणारे ८ कोटी ३० लाख. समोर हजारभर माणसं. शाळा मराठी, बाजार मराठी, सरकारी कागद मराठी, टीव्ही मराठी. १९६० च्या दशकापर्यंत निदान चर्चमध्ये पोर्तुगीज कानावर पडत असे. व्हॅटिकनच्या परिषदेनंतर जगभर लोकभाषेत उपासना सुरू झाली, तेव्हा इथे लोकभाषा म्हणून निवडली गेली मराठी. निर्णय समजण्यासारखा होता, कारण मराठी सगळ्यांनाच येत होती. पण त्या दिवशी त्या घरच्या भाषेला देवाच्या दारातही जागा उरली नाही.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हेच तर सांगायचं आहे. लहान भाषा मारायला दुष्टपणा लागतच नाही. मोठ्या भाषेने आपल्या नेहमीच्या पद्धतीने वागत राहिलं की पुरतं. बालवाडीतल्या बाई प्रेमाने म्हणतात, "बाळा, नीट बोल." मूल घरी जाऊन आईला सांगतं, नीट बोल. आई लाजते, आणि पुढच्या मुलाशी मराठीतच बोलायला लागते. एका पिढीत काम झालं.

सरकारी हिशेबात तर ही भाषा नाहीच. १९६१ च्या जनगणनेने देशात १६५२ मातृभाषांची नावं नोंदवली होती. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात ती भाषा वेगळी दाखवायचीच नाही, असं ठरलं. म्हणजे नौ लिंग बोलणारा माणूस 'इतर' या रकान्यात गेला. आपल्या घटनेत कलम ३५०क आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी म्हणून. कलम २९ आहे, आपली भाषा जतन करण्याचा हक्क देणारं. पण जी भाषा यादीतच नाही तिच्यासाठी कलम कोण उघडणार?

आणि शेवट कसा होतो तेही आपल्याच देशात पाहिलं आहे. कोचीजवळच्या वायपीन बेटावर अशीच एक पोर्तुगीज क्रिओल बोलली जात असे. २०१० साली ती अस्खलित बोलणारा शेवटचा माणूस वारला. त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याला त्याच्या भाषेत उत्तर देणारं कोण होतं? हा प्रश्न मला रात्री झोप येत नाही तेव्हा आठवतो. आम्हा म्हाताऱ्या माणसांना याचा अर्थ जरा लवकर कळतो. आपल्या लहानपणीचे शब्द ज्यांना कळत होते ती माणसं एकेक करून कमी होत असतात.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला गावातलाच. तोच तरुण मला म्हणाला, "काकू, भाषेने पोट भरतं का? पोरांना इंग्रजी पाहिजे." खरं आहे. मी मुंबईला बसून त्याला सांगणार की बाबा रे, तुझी भाषा जप, मग माझा नातू इंग्रजी शाळेत जाईना का! असला उपदेश मला जमणार नाही. पण त्याच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे, की एक भाषा घेतली की दुसरी सोडावी लागते. त्या आजीबाई स्वतः त्याचा पुरावा आहेत. घरात नौ लिंग, बाजारात मराठी, आणि हिंदी सिनेमाही त्यांना कळतो. शाळेत फार न जाता तीन भाषा! मुलाचं डोकं म्हणजे काही एसटीची सीट नाही, एक उठल्याशिवाय दुसऱ्याला बसता येत नाही असं व्हायला. इंग्रजी शिकू दे, मराठी शिकू दे. फक्त घरची भाषा बोलल्याबद्दल त्याला लाज वाटायला लावू नका, एवढंच मागणं आहे.

दुसरा आक्षेप शहाण्या माणसांचा. भाषा जन्मतात तशा मरतात, नदीला बांध कशाला घालता? याला माझं उत्तर असं, की मरण नैसर्गिक असेलही, पण ते दुर्लक्षाने येत असेल तर त्याला नैसर्गिक म्हणू नये. आणि जाणाऱ्याचं निदान बोलणं ऐकून घ्यावं, ही तर आपली साधी रीत आहे.

याच किनाऱ्यावर उलटं उदाहरणही आहे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या भागातले बेने इस्राएल लोक, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून त्यांचा वंश वाढला. १९४८ नंतर त्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे हिब्रूचं राज्य, आणि मराठी ही मूठभरांची भाषा. तरी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं, कीर्तनं झाली, मराठी मेळावे भरले. आपण त्याचं केवढं कौतुक करतो! सातासमुद्रापार मराठी जपली म्हणून ऊर भरून येतो. मग त्यांच्याच जुन्या गावांपासून खाडीपलीकडे काही माणसांनी आपली भाषा पावणेतीनशे वर्षं जपली, त्याचं कौतुक आपल्याला का नाही? दूर गेलेल्या आपल्या माणसांसाठी जे मागतो, ते आपल्यात राहिलेल्या दुसऱ्यांना द्यायला नको?

नुसतं कौतुक करून उपयोग नाही, काय करता येईल तेही सांगितलं पाहिजे. मी शिक्षिका आहे, माझ्या सूचना शाळेच्याच असणार, आणि त्यांना फार पैसाही लागत नाही.

एक, त्या वस्तीतल्या बालवाडीत आणि पहिली-दुसरीत शिकवणाऱ्यांनी या भाषेतले शंभरेक शब्द शिकावेत. ये, बस, पाणी, दुखतंय का, आई कुठे गेली, एवढे. लहान मुलाला पहिल्या दिवशी वर्गात आपला एक शब्द ऐकू आला की त्याचं रडणं थांबतं. बाकीचं मराठी ते मग आपोआप शिकतं, आणि चांगलं शिकतं.

दोन, लिपी नाही म्हणून अडून बसू नये. मुलं देवनागरी शिकतातच. तिच्यात एक लहानसं पुस्तक करावं. त्यात आजीच्या गोष्टी, भाज्यांची आणि माशांची नावं, लग्नातली गाणी असावीत. मजकूर गावाने सांगायचा, गावाने तपासायचा, आणि नावही गावाचंच लावायचं. बाहेरच्याने फक्त छपाईला मदत करावी.

तीन, हातात फोन असलेल्या त्याच तरुण मुलांनी आपल्या आज्यांचं बोलणं साठवून ठेवावं. प्रवाशाने नव्हे, नातवाने. आजी प्रवाशासमोर सांगते ते वेगळं, आणि नातवाला सांगते ते वेगळं.

चार, महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात एक पान. आपल्या राज्यात मराठीखेरीज किती भाषा आहेत, गोंडी, कोरकू, भिली, आणि त्यात ही इवलीशी. अभिजात दर्जाच्या सोहळ्यांवर जो खर्च होतो, त्यातल्या एका मांडवाच्या पैशात हे सगळं होईल. अभिजात म्हणजे नुसतं जुनं नव्हे, थोर कुळातलं. आणि थोरपण दिसतं ते लहानांशी वागण्यात, हे आपण पोरांना सांगतोच की.

मला कुणी विचारलं की प्रवासाला जाऊन काय मिळवायचं, तर मी म्हणेन, आपण कुठे लहान आहोत आणि कुठे मोठे आहोत हे कळलं पाहिजे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात इंग्रजी बोलणाऱ्या पोऱ्यासमोर मी लहान असते. तिथे मला आदराने वागवलं जावं असं मला वाटतं. कोर्लईच्या ओट्यावर मी मोठी असते, आठ कोटींची. तिथे मी कसं बसायचं, हे माझ्या हातात आहे.

तेव्हा मंडळी, पावसाळा संपला की अलिबागला जालच. किल्ला जरूर पाहा, चढण फार नाही, माझे गुडघे सांगतात. पण उतरल्यावर घाईने गाडीत बसू नका. वस्तीतून सावकाश चालत या. भाजी घ्या, घासाघीस करू नका. कुणी बसा म्हणालं तर बसा. आणि आत कुणी सुनेला हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि तुम्हाला एक अक्षर कळलं नाही, तर अर्थ विचारू नका. दोन घरच्या माणसांचं बोलणं आहे ते. ते चालू आहे, याचाच आनंद माना.

तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा. विशेषतः आमच्या शिक्षक मित्रमैत्रिणींनी. आणि चिरंजीव, भाषण संपलं.